शिक्का आत, शिवण बाहेर

"काही टोचत नाही. जगाला टोचत नाही ते तुलाच बरं टोचतं? लोण्याची आहेस का गं तू?"

हा आवाज टीपबाईच्या कानात अजून होता. आवाजाची धनीण जाऊन कैक वर्षं लोटली, तिच्या चेहऱ्याच्या रेषा पुसट झाल्या, हातांचा वास विसरला, पण आवाज तसाच राहिला, आत्ताच पिळून वाळत घातल्यासारखा ओला. तेव्हा टीपबाई गुडघ्याएवढी पोर होती. अंगात नवा फ्रॉक होता आणि फ्रॉकच्या बगलेतली शिवण मुंग्यांच्या रांगेसारखी चावत होती. पोर रडली, लोळली, गळ्याशी हात घालून फ्रॉक ओढायला लागली. आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि रडं संपेपर्यंत सोडले नाहीत.

"बघ, झालं ना? होते सवय. आणि हे असलं चारचौघांत बोलायचं नाही. वेडी म्हणतील. वेड्या पोरीला कोण घरात ठेवून घेतं?"

पोर शहाणी निघाली. पुन्हा बोलली नाही. एका सकाळी तिनं फ्रॉकच्या आतली शमीज उलटी करून घातली. शिवणी बाहेर, गुळगुळीत बाजू अंगाला. वर फ्रॉक होताच, कोणाला दिसणार? त्या सकाळपासून तिच्या अंगावरचं आतलं कापड उलटंच राहिलं. लग्नाच्या दिवशी उलटं, लेक झाली त्या दिवशी उलटं, नवऱ्याला पोचवून आली त्या दिवशीही उलटं. नवरा हयात होता तेव्हा हसायचा. म्हणायचा, "जगाचे कपडे शिवतेस आणि तुझं तुला सुलट घालता येत नाही." तीही हसायची. हसण्याच्या आड आख्खं घर लपवता येतं, माणूस तर केवढंसं.

टीपबाई हे नाव तिला कारखान्यानं दिलं. मशीन टीप मारतं, म्हणजे शिलाईची रेघ ओढतं, आणि तिच्या हाताखालची रेघ अशी सरळ जायची की मुकादम म्हणायचा, "पट्टी हरवली तर हिची टीप आणा, त्यावर आखू." लांबलचक पत्र्याचं छप्पर, खाली मशीनींच्या रांगा, डोक्यावर पांढऱ्या नळ्यांचे दिवे. सगळ्या मशीनी एकदम सुरू झाल्या की दात हिरड्यांतून हलतात असं तिला वाटे. लागली तेव्हाच तिनं कोपऱ्यातलं मशीन मागून घेतलं होतं. पाठीला भिंत, उजव्या हाताला भिंत. आवाज यायचा तो एकाच बाजूनं आणि त्या बाजूला बसायची भोंगा.

भोंगा ही जातीनं गप्पिष्ट बाई. तिचं खरं नाव काय ते पगाराच्या दिवशीच सगळ्यांना आठवायचं.

"ए टीपबाई, मी केव्हाची बोलतेय. कानांत बोळे घातलेत का?"

रांग हसली. टीपबाईही हसली. डोक्याला बांधलेल्या रुमालाखाली तिच्या कानांत खरोखरच कापसाचे बोळे होते.

बोळ्यांनी भागलं नाही की ती गुणगुणायची. गुणगुण आतून यायची, तिच्या स्वतःच्या हाडांतून, आणि बाहेरचा कल्लोळ तेवढा लांब सरकायचा. शब्द कुणाचे नव्हते, तिच्याच तोंडी आलेले:

*सुईबाई सुईबाई, तुझं एवढंसं नेढं*
*त्यातनं ओवते मी, मन माझं येडंवेडं*

गेली काही वर्षं कारखान्याकडे मोठ्या दवाखान्याचं काम होतं. पेशंटांचे गाऊन. कापड जाडंभरडं, छातीवर निळ्या रंगाचा शिक्का, आणि शिवायला नायलॉनचा दोरा, कारण तिकडे कपडे उकळत्या पाण्यातून काढतात आणि सुती दोरा त्यात टिकत नाही. गळ्याची पट्टी टीपबाईकडे यायची. पट्टी फिरवून आणली की शेवटाला, पक्कं करायला, उलटी टीप मारून दोरा कापायचा. नायलॉनचं कापलेलं टोक केसासारखं ताठ उभं राहतं. एकदा तिनं ते मनगटावर टेकवून पाहिलं आणि विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला.

मग तिनं स्वतःशीच म्हटलं, आपल्याला काय करायचंय. घालणाऱ्यांना टोचत नसेल. जगाला कुठे टोचतं?

त्याच दवाखान्याचे पट्टेही तिच्याकडेच यायचे. रुंद, दुपदरी, पलंगाला बांधायचे. त्यांवर दुहेरी टीप मारायची, ओढले तरी उसवू नयेत म्हणून. "तुझा पट्टा काही तुटायचा नाही," मुकादम म्हणायचा, आणि कौतुक कोणाला नको असतं?

*

लेकीला लाजाळू हे नाव मामानं ठेवलं. मामा म्हणजे टीपबाईचा भाऊ, टेम्पो चालवायचा. घरात शिरला की आधी त्याचा आवाज शिरायचा, मग तो. भाचीला उचलायला जायचा आणि ती अंग चोरून भिंतीला चिकटायची.

"बोट लावलं की मिटते बघ. लाजाळूचं झाडच आहे हे."

नाव चिकटलं. पोरीचे केस विंचरायचे म्हणजे घरात दोन दिवसांचं सुतक. नखं काढायची ती झोपेत. दाराशी कोणी भांडं आपटलं तर पोर पोटात गोळी लागल्यासारखी वाकायची. टीपबाई सगळं ओळखून होती. ओळखायला तिला लांब कुठे जायचं नव्हतं. गुपचूप तिनं सगळे उपाय केले. कपड्यांची लेबलं ब्लेडनं उसवून काढली, नवं कापड धुऊन धुऊन जुनं केलं, मोजे उलटे घातले. हातांनी सगळं केलं. तोंडानं अक्षर काढलं नाही.

एकदा तेवढं पोरीनं विचारलं होतं. मोजा चढवताना, पाय आईच्या मांडीवर ठेवून.

"आई, तुला नाही टोचत?"

टीपबाईच्या ओठांशी 'हो' आलं होतं. आणि त्याच्यावर लगेच तो जुना आवाज येऊन बसला, पातेल्यावर झाकण बसावं तसा.

"नाही गं," ती म्हणाली. "मोठं झालं की जातं."

पोरीनं ते वाक्य जपून ठेवलं. परक्या गावी निघालेलं माणूस पत्ता जपतं तसं. शाळेत घंटा वाजली की डोळे मिटायची, पुटपुटायची, मोठं झालं की जातं. वर्गातल्या मुली तिच्या कानाजवळ टाळ्या वाजवून पळायच्या तेव्हाही तेच. ती मोठी होण्याची वाट बघत मोठी झाली.

मोठी झाल्यावर तिला एका दुकानात काम मिळालं. दुकान म्हणजे केवढं, आत माणूस हरवेल एवढं. गल्ल्यावर बसायचं, वस्तू काचेवरून फिरवायच्या, प्रत्येक वस्तूला यंत्र टूं करायचं. वरून गाणी, समोर माणसं, माणसांच्या अंगाला नाना वास, मानेला कडक कॉलर. घरी यायची ती चपला न काढता आतल्या खोलीत जायची. खोली कसली, सामान ठेवायची अडगळच. खिडकी नव्हती म्हणून तिला आवडायची. दार लोटून पडून राहायची. आधी तासभर, मग जेवणाची वेळ टळेपर्यंत. मग सुट्टीचा सगळा दिवस. मग एके दिवशी ती कामावर गेलीच नाही.

"दमलीये," टीपबाई भावाला म्हणाली.

"दमली तर झोपू दे. पण हे झोपणं नाही ताई," मामा म्हणाला. त्या दिवशी तो हळू बोलत होता. "ती भिंतीकडे तोंड करून जागी असते. मी बघितलंय."

टीपबाई आत गेली. लेक अंधारात बसली होती, गुडघे छातीशी.

"मी मोठी झाले आई," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, राग नव्हता. रिकाम्या डब्यातून यावा तसा आवाज. "गेलं नाही. सगळ्यांचं जातं, माझं गेलं नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी मोडलेलं आहे ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. देहातला कण न् कण म्हणत होता, बोल. टीपबाईनं ताट पुढे सरकवलं.

"खाऊन घे चार घास."

लेकीनं ते खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीचंही नाही. आणि एका सकाळी, उजेड फुटताना, तिनं अगदी साध्या आवाजात आईला सांगितलं की मला आता असायचं नाही. पाणी हवंय असं सांगावं तसं. मामाचा टेम्पो दाराशी लागला आणि तिघं दवाखान्यात आले.

*

डॉक्टरीणबाई वयानं टीपबाईच्या लेकीहून फार मोठ्या नसतील. डोळ्यांखाली काळं, टेबलावर साय धरलेला चहा. पण विचारायच्या नीट, थांबून, उत्तराची वाट बघून.

"मन फार खाली गेलंय तिचं. औषध देऊ, इथे ठेवू. पण मला एक सांगा, ती कान झाकते, उजेडाकडे पाठ करते. हे आत्ताचं की पहिल्यापासूनचं?"

"पहिल्यापासून नाजूकच आहे ती," मामा म्हणाला. "आमचं सगळं घर गेंड्याच्या कातडीचं, डॉक्टर. ही एकच सशाच्या कातडीची निघाली."

डॉक्टरीणबाई किंचित हसल्या. मग टीपबाईकडे वळल्या. "घरात आणखी कोणाला असं? आवाजाचा, स्पर्शाचा, कपड्यांचा त्रास? तुमच्याकडे, मिस्टरांकडे? असेल तर सांगा. मग मी तिच्याकडे निराळ्या नजरेनं बघेन."

खोलीतला पंखा कुठेतरी घासत होता, फेऱ्यागणिक एकदा. तो आवाज टीपबाईच्या दाढेत उतरत होता. मानेखाली, कपड्यांच्या आत, घाम शमीजच्या उलट्या शिवणीत मुरत होता.

"नाही," ती म्हणाली. "आमच्यात कोणाला नाही."

परत येताना तिला वाटलं, मी पोरीला वाचवलं. मूळच किडकं म्हटलं असतं लोकांनी. मग फळाला कोण हात लावतं? घरापर्यंत ती हेच घोळवत राहिली. घराची कडी काढताना तिच्या लक्षात आलं की हे शब्द आपले नाहीत. हा आवाजही आपला नाही.

*

पहिल्या भेटीला लेक पलंगाच्या टोकाला बसली होती, दवाखान्याच्या गाऊनमध्ये. गळ्याभोवती लाल चट्टा, नखांनी ओरबाडलेला. वॉर्डात नळ्यांचे दिवे भुणभुणत होते. त्या भुणभुणीखाली कोणीतरी एकसुरी रडत होतं.

"कालपासून दोन गाऊन फाडलेत हिनं," आयाबाई म्हणाली. आयाबाई वॉर्डाची सगळी वरकामं बघायची. दणकट बाई, चालली की किल्ल्या वाजायच्या. "हे काय माझ्या घरचं कापड आहे? मला वर जाब द्यावा लागतो."

"घरचं आणलं तर चालेल का, बाई?"

"नाही. या वॉर्डात घरचं काही नाही. नाडी नको, बटण नको, पिन नको. सगळ्यांना एकच. शिक्का दिसायला पाहिजे."

आयाबाई किल्ल्या वाजवत पुढे गेली. टीपबाईनं लेकीच्या गळ्याची पट्टी बोटांत धरली आणि तिची बोटं थिजली. पट्टीच्या शेवटाला उलटी टीप होती आणि टिपेच्या टोकाला किंचित तिरकी उडी. मशीन थांबवताना तिचा डावा पाय नेहमी अंमळ उशिरा उठायचा, त्याची ती उडी. स्वतःची सही कोणाला ओळखू येत नाही? नायलॉनचं टोक ताठ उभं होतं, लाल चट्ट्याच्या बरोबर मधोमध.

"आई, हे काढ ना," लेक म्हणाली.

आणि टीपबाईच्या तोंडून आलं, "होते गं सवय."

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि भेटीची वेळ संपेपर्यंत पुन्हा तोंड इकडे केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात भोंगा आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. टीपबाईच्या हाताखालून गळ्याच्या पट्ट्या एकामागून एक जात होत्या. तिला प्रत्येक पट्टीत एक मान दिसायला लागली. म्हाताऱ्या माना, कोवळ्या माना, कोणाकोणाच्या लेकींच्या. तिनं मशीन थांबवलं.

"काय गं, दोरा तुटला?" भोंगानं विचारलं.

"नाही. तुटत नाही हा."

"मग तोंड का पडलंय? पोर कशी आहे?"

"आहे."

भोंगानं आपल्या डब्यातलं सुती दोऱ्याचं रीळ टीपबाईच्या मशीनवर ठेवलं. "माझ्याकडे पडूनच होतं. तू सकाळी कपाटात शोधत होतीस ना," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा सुनेकडे वळली.

पुढच्या भेटीला टीपबाई आत गेली ती तिच्या कपड्यांखाली एक गाऊन घालून. कारखान्यातल्याच कापडाचा, शिक्क्याचा. पण त्यातला सगळा नायलॉन तिनं उसवून काढला होता आणि सुती दोऱ्यानं तो पुन्हा शिवला होता. कापड धुऊन, चुरगळून, पुन्हा धुऊन मऊ केलं होतं. आणि शिवणी सगळ्या बाहेर काढल्या होत्या, गळ्याची पट्टीसुद्धा, बगलासुद्धा. आत सगळं सपाट, लोण्यासारखं. मोरीच्या आडोशाला दोघींनी अदलाबदल केली. लेकीनं गाऊन डोक्यातून घातला, खांदे हलवले, आणि थबकली. काहीतरी व्हायची वाट बघत राहिली. काही झालं नाही.

"आई," ती म्हणाली. आणि टीपबाईच्या हातावर तिनं आपला हात ठेवला, आपण होऊन. लाजाळूच्या पानानं आपण होऊन बोटाला शिवावं तसं.

थोडे दिवस बरे गेले. बरे म्हणजे किती, वाटीभर भात खाल्ला, रात्री डोळा लागला. भिंतीकडचं तोंड अधूनमधून इकडे वळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाला वेळ लागतो, पण काहीतरी हलतंय. टीपबाई घरी जाताना मोठ्यानं गुणगुणली आणि वाटेतल्या माणसांनी वळून पाहिलं तरी थांबली नाही.

दोऱ्याची तार न् तार तिनं हिशोबात धरली होती. एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. जन्मभर तिचं उलटं कापड आत असायचं, वर झाकायला दुसरं असायचं. लेकीच्या गाऊनवर काहीच नव्हतं, आणि शिवणी बाहेर आल्या तसा शिक्का आत गेला होता.

*

निरोप कारखान्यातच आला. टीपबाई आणि मामा पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "काल आयाबाईंनी बघितलं की ती गाऊन उलटा घालून बसलीये. शिक्का आत, शिवण बाहेर. किती दिवस घालत होती कोण जाणे. त्यांनी सुलट करायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. दोघीतिघींनी धरून सुलट करून घातला, तर ती चावली. आयाबाईंच्या हाताला टाके पडलेत."

मामानं खाली मान घातली. टीपबाईला तो गाऊन सुलट झालेला दिसला. बाहेरची प्रत्येक शिवण आत गेलेली, शिक्का छातीवर उघडा, आणि वर तीन माणसांचे हात.

"मला सांगायला आवडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती कपडे फाडते, उलटे घालते, अंगाला हात लावू देत नाही. आता माणसांवर धावून जायला लागली. सुधारत होती असं मला वाटलं, ते चुकलं माझं. या वॉर्डात तिला ठेवता येणार नाही. मागच्या इमारतीत हलवावं लागेल, औषध बरंच वाढवावं लागेल. तुमची संमती हवी."

मागची इमारत टीपबाईनं कधी पाहिली नव्हती. पण तिला ती ठाऊक होती. पट्ट्यांची ऑर्डर तिकडची असायची, आणि ऑर्डर दर वर्षी वाढतच होती.

"तिकडून परत केव्हा येईल?" मामानं विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येणार."

पंखा फेऱ्यागणिक घासत होता. टीपबाईला वाटलं, हो म्हटलं की झालं. आपण काही सांगायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. आयुष्यभर जमलं, अजून एकदा जमेल.

"आधी मला तिला बघू द्या," ती म्हणाली.

लेक उताणी होती. डोळे उघडे, वरच्या भुणभुणणाऱ्या नळीवर लागलेले, कारण कूस वळवता येत नव्हती. दोन्ही मनगटं पलंगाला बांधलेली. पट्टे रुंद, दुपदरी. त्यांच्यावर दुहेरी टीप, सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. टीपबाईनं गाठीला हात घातला. पट्टा जागचा हलला नाही. तिचा पट्टा तुटायचा नव्हताच.

गाऊन तिनंच शिवलेला, पण आता सुलटा. गळ्याशी चट्टा पुन्हा लाल.

"तो गाऊन मी आणून घातला तिला," टीपबाई मागे न बघता म्हणाली. "तिनं नाही उलटा घातला. मी तसा शिवलाय."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "तुम्ही? पण कशासाठी?"

आयाबाई दाराशी होती, हाताला पांढरी पट्टी. मामा पायथ्याशी. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिच्या कानांत तो जुना आवाज चढत होता. चारचौघांत बोलायचं नाही. वेडी म्हणतील. कोण घरात ठेवून घेतं?

"ताई, बोल ना," मामा म्हणाला. "काय आहे ते सांग."

पलंगावरून फार बारीक आवाज आला. लेक तिच्याकडे बघत नव्हती, नळीकडेच बघत होती.

"तू म्हणाली होतीस, मोठं झालं की जातं."

टीपबाई खाली बसली, लेकीच्या कानाशी तोंड येईल अशी. तिनं रुमाल सोडला. आधी उजव्या कानातला बोळा काढला, मग डाव्यातला, आणि दोन्ही चादरीवर ठेवले. भिंतींवर आदळत वॉर्डाचा सगळा आवाज तिच्यात शिरला, नळ्यांची भुणभुण, कोणाचं तरी रडणं, किल्ल्या. तिचे डोळे भरून आले ते त्या आवाजानंच. मग तिनं गळ्याशी बोट घालून शमीजची कड बाहेर ओढली. धुऊन धुऊन विरलेली, उलटी, शिवण बाहेर. बांधलेल्या हाताच्या बोटांना ती पोचेल इतकी तिनं ती ताणून धरली. बोटं हलली. शिवणीवरून हळूच फिरली, आणि थांबली.

"अगं ताई," मामा पुटपुटला.

लेकीनं मान वळवली. वळेल तेवढी.

"खोटं बोलले मी," टीपबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "ते जात नाही गं. मोठं झालं तरी जात नाही. तुझ्यात काही मोडलेलं नाही, तू माझ्यावर गेलीस. मलाही टोचतं. लहानपणापासून टोचतं. आत्तासुद्धा टोचतंय."